चाळिसावं नाव

"आजी, माहेरचं आडनाव काय?"

"आं?"

"माहेरचं. आडनाव."

पिठाच्या गिरणीत उभं राहून मुलाखत घेणं म्हणजे वावटळीत उभं राहून निरोप सांगणं. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा आजींनी हात लांब करून खटका पाडला. पट्टा फडफडत, कण्हत थांबला. आजींच्या भुवया, पापण्या, कानातल्या कुड्या, सगळं पांढरं झालं होतं. डोळे तेवढे काळे.

"शेंडगे," त्या म्हणाल्या. "नदीपल्याड शेंडगेवाडी हाय, तिथली. आता कुणी ऱ्हायलं न्हाय तिथं. लिही."

मी लिहिलं. "वडिलांचं नाव?"

"मारुती."

"शाळेत कधी घातलं?"

"शाळा निघाली त्याच साली. पाचवीत. सातवी झाली आन् लगीन झालं."

"वर्गात आणखी मुली होत्या?"

"एक बी न्हाय. म्हणून तर म्हणते ना, पैली."

समृद्धी फडतरे शेजारीच धान्याच्या डब्यावर बसून माझ्याकडे कौतुकानं बघत होती. ती माझी बाकावरची मैत्रीण, आणि गिरणीवाल्या इंदुमती आजी तिच्या सख्ख्या आज्जी. शाळेला साठ वर्षं झाली म्हणून हीरकमहोत्सव होता. जुन्या विद्यार्थ्यांचे सत्कार ठरले होते, आणि समृद्धीनं अर्ज भरला होता: 'इंदुमती रामचंद्र फडतरे, शाळेतली पहिली मुलगी.'

"सत्काराला नऊवारी चालंल ना?" आजींनी विचारलं. "का तुमच्यागत पंजाबी घालू?"

"आज्जी," समृद्धी म्हणाली.

"इचारलं बाई. फोटू काढत्याल."

"आजी, आधी तपासावं लागतं," मी म्हणाले. तेव्हा मी हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायचे.

"तपास की. म्या कुठं पळून चाललेय."

त्यांनी खटका वर केला आणि आमचं बोलणं पिठात मिळालं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे आणि बरीच सुधारले आहे असं आई म्हणते. तेव्हा आठवीत होते आणि मला कुणी सुधारायची गरज आहे हे मला मान्य नव्हतं.

त्याला कारण होतं. मुल्ला मॅडम आम्हाला संगणक शिकवायच्या. त्याआधी पाच वर्षं त्या पुण्यात एका बातम्यांच्या वेबसाइटवर होत्या. तिथं बातम्या लिहिणं हे त्यांचं काम नव्हतं. दुसऱ्यांनी लिहिलेलं खरं आहे का ते बघणं, हे काम होतं. याचा पगार मिळतो हे ऐकून आमचा अख्खा वर्ग अवाक झाला होता. आमच्याकडं हे काम आत्या-मावश्या फुकट करतात. वडील आजारी पडले म्हणून मॅडम गावी परत आल्या, शाळेत लागल्या, आणि आल्या आल्या त्यांनी पाच जणांचा पडताळणी गट काढला. दर सोमवारी व्हरांड्यातल्या फळ्यावर आम्ही एक दावा लावायचो, खाली काय काय तपासलं ते लिहायचो आणि शिक्का मारायचो. शिक्के मॅडमनी साताऱ्याहून करून आणले होते. हिरवा 'खरं'. लाल 'खोटं'. आणि निळा 'पुरावा मिळाला नाही'. हा निळा शिक्का मला मुळीच आवडायचा नाही. पेपरात 'उत्तर येत नाही' लिहून मार्क मागितल्यासारखा वाटायचा.

त्या पावसाळ्यात वरच्या तलावाला तडा गेल्याचा फोटो गावभर फिरला. लोकांनी सामान बांधायला घेतलं. मी त्या फोटोतल्या पाटीवरची अक्षरं मोठी करून बघितली, तर लिपीच आपली नव्हती. मग तलावावरच्या राखणदार काकांना फोन लावला. ते म्हणाले, "तडा? मी भिंतीवरच बसून भाकरी खातोय." फळ्यावर लाल शिक्का बसला. त्याआधी वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करायचे नाही. त्यानंतर रस्त्यातली माणसं थांबून म्हणायला लागली, "ही ती वाघमोड्यांची ज्ञानदा. हिला फसवता येत न्हाय." तेराव्या वर्षी असं काही ऐकायला मिळालं की माणूस जमिनीवरून चालत नाही.

तर मी आजींचं नाव तपासायला शाळेच्या ऑफिसात गेले. पोळ भाऊसाहेब शिष्यवृत्तीचे फॉर्म भरत होते. त्यांनी वर न बघताच कपाटातलं जनरल रजिस्टर काढून दिलं. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक पोराची एक ओळ. डाव्या पानावर नाव, वडील, जात, जन्मतारीख. ओळ शिवण ओलांडून उजव्या पानावर जाते. पानं चहात बुडवल्यासारखी तांबूस झाली होती.

पहिली तुकडी, जून एकोणीसशे त्रेसष्ट. चाळीस नावं. मी बोट ठेवून वाचत गेले आणि हसू आवरेना. दगडू. कोंडिबा. भिकू. केरबा. नकुसा. लिंबाजी. असली नावं ठेवून ही माणसं मोठी कशी झाली असतील?

"हसू नको," पोळ भाऊसाहेब फॉर्ममध्येच बघत म्हणाले. "त्यातले दोघं माझे चुलते आहेत."

चाळिसांत शेंडगे चार निघाले. बाळू, यशवंत, दगडू, नकुसा. इंदुमती नाही. इंदू नाही, इंदिरा नाही, काहीच नाही. मी पुढची सालंही बघितली, कारण आम्ही नीट काम करणारी माणसं. सदुसष्टपर्यंत बघितलं. सहासष्टच्या जूनमध्ये एक मुलगी सापडली: सुमन रघुनाथ कुलकर्णी, वडील पोस्टमास्तर. माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. खरंच आला, खोटं कशाला सांगू.

मॅडम त्या आठवड्यात वडिलांना घेऊन साताऱ्याला दवाखान्यात होत्या. मी फोन केला. मागे कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"रजिस्टरमध्ये नाव नाही मॅडम. सातवीपर्यंत शिकले म्हणतात, पण नावच नाही."

"बरं. मी सोमवारी नाही, मंगळवारी येतेय. तोवर लावू नको."

"पण सोमवार..."

"ज्ञानदा, लावू नको," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा नंबर आला म्हणून फोन ठेवला.

सोमवारी फळा मोकळा राहिला असता. एका सोमवारी फळा मोकळा राहिला म्हणून कुणाचं काही बिघडलं नसतं. हे आता कळतं. तेव्हा मी सव्वादहाला व्हरांड्यात उभी होते आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'दावा: श्रीमती इंदुमती फडतरे या शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनी आहेत. तपासणी: जनरल रजिस्टर, सन १९६३ ते १९६७. या नावाची नोंद नाही. पहिली विद्यार्थिनी सुमन कुलकर्णी, १९६६.' खाली जोरात, आवाज येईल असा, लाल शिक्का.

समृद्धीनं ते दहा वाजून वीस मिनिटांनी वाचलं. वर्गात येऊन तिनं दप्तर उचललं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

"अगं, मी तुझ्याबद्दल नाही लिहिलं," मी मधल्या सुट्टीत तिच्याकडे गेले. "तुला आजींनी जे सांगितलं तेच तू भरलंस. तुझी काय चूक?"

"म्हणजे आज्जी खोटं बोलते."

"म्हातारी माणसं कधीकधी..."

"तू माझ्याशी बोलू नको," ती म्हणाली, आणि तिच्या डब्यातली चपाती माझ्या घरची असल्यासारखी परत डब्यात ठेवून दिली.

मुख्याध्यापक बिराजदार सरांनी त्याच दिवशी सत्काराच्या यादीतून आजींचं नाव काढलं. सर सोलापूरकडचे, संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून वर्षापूर्वीच आलेले. त्यांनी मला बोलावून पाठीवर थाप मारली. "पत्रिका छापायच्या आत कळलं, फार बरं झालं. नाहीतर सगळ्यांसमोर शोभा." पुण्याला सुमनताईंना फोन गेला. त्या यायला तयार झाल्या.

गावात बातमी पोचायला संध्याकाळ पुरली. दोन दिवसांनी आईनं गव्हाचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दळून आण." मी म्हणाले डोकं दुखतंय. आई म्हणाली, "शिक्का मारताना दुखलं नाही ते?"

गिरणीत तीनचार गिऱ्हाइकं होती. कुणीतरी म्हणत होतं, "काय इंदूबाई, साठ वर्सं आमाला शाळा शिकलेय म्हणून बनवलंत व्हय?" आजींनी माझा डबा घेतला, गहू ओतले, पीठ भरलं. नेहमी त्या मूठभर पीठ बोटांत चोळून बघतात आणि 'झ्याक' म्हणतात. त्या दिवशी त्यांनी डबा माझ्यासमोर ठेवला.

"बघून घे, बाय. गव्हाचंच हाय का. न्हाईतर लिवशील."

माणसं हसली. मी डबा उचलून निघाले. रस्त्यात मला कुणीतरी 'हिला फसवता येत न्हाय' म्हणालं, नेहमीसारखंच, प्रेमानं, आणि मला ते पहिल्यांदाच ऐकू नये असं वाटलं.

मुल्ला मॅडम मंगळवारी नाही, शुक्रवारी आल्या. वडिलांचं ऑपरेशन लांबलं होतं. त्यांनी फळा वाचला, मग मला संगणकाच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं ओरडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"रजिस्टरमध्ये नाव नाही," त्या म्हणाल्या. "मग खोटं कुठं लिहिलंय?"

"नाव नाही म्हणजेच..."

"म्हणजे तुला सापडलं नाही. पहिल्या तुकडीतल्या कुणाला फोन केलास?"

"नाही."

"आजींना परत विचारलंस? म्हटलंस का त्यांना, की आजी, नाव दिसत नाही, असं कसं?"

"नाही."

"का?"

ते मला सांगायचं नव्हतं. कारण खरं उत्तर होतं: विचारलं असतं तर कदाचित काहीतरी उत्तर मिळालं असतं.

"तलावाच्या वेळी तू त्या राखणदारांना फोन केलास," मॅडम म्हणाल्या. "मला फोटोपेक्षा त्याचं कौतुक वाटलं होतं. आता जा आणि ती चाळीस नावं परत वाच. उभी नको. आडवी वाच. प्रत्येक ओळ शेवटपर्यंत."

आडवी म्हणजे शिवण ओलांडून. मी आधी फक्त डावी पानं उलटली होती; मला नावं हवी होती आणि नावं डावीकडे होती. उजव्या पानावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. मी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. दगडू शेंडगे, नापास, मुंबईस गेला. भिकू, शेतीकाम. केरबा, परगावी गेला. कारणं बहुतेक तीच ती. शेवटची ओळ, चाळीस नंबर. नकुसा मारुती शेंडगे. प्रगती चांगली. वर्तणूक चांगली. सोडल्याची तारीख मे एकोणीसशे सहासष्ट, सातवी उत्तीर्ण. कारण: लग्न झाले.

वडील मारुती. मी ते नावही आधी वाचलं होतं.

"भाऊसाहेब," मी म्हणाले, "नकुसा हे मुलाचं नाव असतं ना?"

पोळ भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "कोण म्हणालं?"

"मग?"

"माझ्या आत्याचं होतं. तीन मुलींवर चौथी झाली की ठेवायचे. नको असलेली, ती नकुसा. असं नाव ठेवलं की देवाला कळतं, आता पुरे, पुढचा मुलगा दे." ते माझ्याकडं बघत राहिले. "का गं?"

"तुम्ही त्या दिवशीच का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस का? तू हसत होतीस."

मॅडम आणि मी संध्याकाळी गिरणीत गेलो. गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाहेर थांबलो. समृद्धी क्लासला होती. आजींनी आम्हाला बघितलं, पण खटका पाडला नाही. शेवटचं दळण संपवूनच गिरणी बंद केली.

"आता काय ऱ्हायलं?" त्या म्हणाल्या.

"आजी, माझी चूक झाली," मी म्हणाले. हे वाक्य मी वाटेत पाठ करत आले होते, तरी मध्येच अडकलं. "रजिस्टरमध्ये चाळिसाव्या नंबरला एक नाव आहे. वडील मारुती. शेंडगे. लग्न झाल्यामुळं शाळा सोडली."

आजी पदरानं तोंड पुसत राहिल्या. मला दहा गोष्टी विचारायच्या होत्या. मॅडमनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली. गिरणीचं जातं गार होताना टकटक वाजतं हे मला तेव्हा कळलं.

"तू आडनाव इचारलंस, त्ये सांगितलं," आजी शेवटी म्हणाल्या. "ह्ये इचारलं न्हाईस. बरंच झालं म्हणलं."

"लग्नात बदललं का?" मॅडमनी हळूच विचारलं.

"ताटात तांदूळ पसरलं आन् मालकांनी बोटानं लिवलं. इंदुमती. म्या वाचलं. बाकीच्या बायांना वाचता येत न्हवतं, मला येत हुतं. मनात म्हणलं, सुटले." त्या डब्यावर बसल्या. "त्या दिवसापासनं त्ये नाव कुणी घेतलं न्हाय. माझ्या ल्योकाला ठावं न्हाय. समृद्धीला न्हाय."

"पण आजी, मग शाळेत कसं घातलं तुम्हाला?" मला राहवलं नाही. "म्हणजे, वडिलांना जर..."

"घातलं कुठं? दिली." आजी पहिल्यांदा थोड्या हसल्या. "दिपोटी सायेब तपासणीला येणार हुतं. चाळीस पोरं असली तर शाळा मंजूर, न्हाईतर बंद. मास्तरनी सायकलवर वाड्या पालथ्या घातल्या. एकुणचाळीस भरली. आमच्या दारात येऊन म्हणलं, मारुती, एक दे रं. आमचा बा म्हणला, थोरल्या तिघी कामाच्या हायत्या. बारका ल्योक लाडाचा. हिला न्ह्या. ही तशीबी नकोच हुती."

मॅडम खाली बघत होत्या.

"मास्तरनी नाव इचारलं. बानं सांगितलं. मास्तर जरा थांबलं, मग लिवलं. दुसरं लिवलं असतं तरी चाललं असतं की. पर मास्तर लई खरं माणूस."

"आजी, आता पुरावा आहे," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि घाईही होत होती. "सोमवारी लावते. सगळ्यांना कळेल तुम्ही खरं बोलत होता. तुमच्यामुळं शाळा..."

"नाव लिवणार?"

मी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी आजींकडं बघितलं. "तुम्ही म्हणाल तसं. हे आम्ही ठरवायचं नाही."

"मग नको," आजी म्हणाल्या. "आत्ता खोटी म्हणत्यात, म्हणू देत. त्ये नाव ऐकून माझ्याकडं बघत्याल, त्ये नको. गिरणीत बसून मला समद्यांची तोंडं बघायची असत्यात, बाय."

रविवारभर मी एक परिच्छेद लिहीत बसले. तेवढा वेळ मी आजवर कुठल्याच निबंधाला दिला नव्हता. सोमवारी तो लावला. 'मागच्या सोमवारी मी श्रीमती इंदुमती फडतरे यांचा दावा खोटा असल्याचे लिहिले. ते चूक होते. मी रजिस्टर अर्धेच वाचले, कुणालाही फोन केला नाही आणि त्यांना पुन्हा विचारले नाही. त्या शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनी आहेत. पुरावा मी पाहिला आहे, पण तो दाखवण्याची मला परवानगी नाही. ज्ञानदा वाघमोडे, आठवी ब.' शिक्का मारला नाही. मारण्यासारखा कुठला नव्हताच.

"परवानगी नाही म्हणे," दहावीची मुलं व्हरांड्यात मोठ्यानं वाचत होती. "किती किलो दळण फुकट मिळालं गं?"

आमच्या गटातला निनाद मला म्हणाला, "तूच सांगायचीस, पुरावा दाखव नाहीतर बस खाली."

बिराजदार सरांनी बोलावलं. या वेळी थाप नव्हती. "पुरावा काय आहे?"

"सांगता येत नाही, सर."

"मग मी सत्कार कशावर करायचा? तुझ्या शब्दावर?"

"हो, सर."

"तुझ्याच शब्दावर आठ दिवसांपूर्वी नाव काढलं ना मी?"

मुल्ला मॅडमनी सरांना सांगितलं की पुरावा त्यांनीही बघितला आहे. सर म्हणाले, बघितला असेल, पण पत्रिका छापायला गेल्या. ते वाईट माणूस नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, बहुतेक जास्त जोरात.

समृद्धी मात्र पुढच्या बाकावर परत आली. तिनं कंपास मागितला, मी दिला. दोन दिवसांनी म्हणाली, "आज्जी म्हणते तुला सगळं माहितीये. मला का नाही सांगत?"

"त्यांनाच विचार."

"विचारलं. म्हणते, अभ्यास कर."

मग सरांना एक कल्पना सुचली. समारंभात पहिल्या तुकडीची हजेरी घ्यायची. रजिस्टरमधली चाळीस नावं माईकवरून पुकारायची, जे हयात असतील त्यांनी 'हजर' म्हणायचं, आणि ते सगळं एका जाड वहीत लिहून वही कायमची शाळेत ठेवायची. यादी आमच्या गटानं करायची. वही कोणी भरायची यावर मुल्ला मॅडम म्हणाल्या, "यादी ज्ञानदानं तपासली आहे. तीच भरेल." दुसरं कुणी एवढी चाळीस नावं तोंडपाठ करून बसलेलं नव्हतंही.

मी एकटीच गिरणीत गेले.

"आजी, त्या दिवशी चाळीस नावं घेणार आहेत. तुमचंही."

आजी पट्ट्याला तेल घालत होत्या.

"काढता येतं का?" त्यांनी विचारलं.

"मी काढू शकते. कुणाला कळणार नाही." मी म्हणाले. "पण मग एकोणचाळीस होतील. ती यादी खोटी होईल. मला ते करायचं नाही, पण तुम्ही म्हणालात तर करीन."

त्यांनी तेलाच्या बुधलीला बूच लावून ती खाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "म्या काय ओ द्यायला जात न्हाय. मेली म्हणत्याल."

समारंभाला मैदान भरलं होतं. पहिल्या तुकडीतले अकरा जण आले होते, बहुतेक मुंबईहून. पहिल्या रांगेत टोप्या आणि फेटे. सुमनताईंचा सत्कार झाला. त्या छान बोलल्या. त्यांना बिचाऱ्यांना खरंच वाटत होतं की त्या पहिल्या. इंदुमती आजी मागे बायकांमध्ये समृद्धीशेजारी बसल्या होत्या, घडीची नऊवारी नेसून. मी स्टेजच्या खाली टेबलाशी बसले होते. समोर वही, रकाने आखलेले: नाव, हजर किंवा कै. किंवा पत्ता नाही, सध्याचं नाव व गाव.

सर पुकारत गेले. मी लिहीत गेले. हजर. कै. कै. पत्ता नाही. हजर. एक म्हातारबाबा 'हजर' म्हणून इतके जोरात उभे राहिले की खुर्ची मागे पडली आणि सगळं मैदान हसलं. यशवंत शेंडगे, कै. दगडू शेंडगे, हजर, काठी टेकत. एकोणचाळीस नावं संपली.

"नकुसा मारुती शेंडगे," सरांनी वाचलं.

कुणी काही बोललं नाही. पहिल्या रांगेतल्या काही टोप्या हलल्या. सरांनी परत एकदा नाव घेतलं, मग माईकवर हात ठेवून खाली वाकले. "कैलासवासी लिही. चल, पाहुण्यांना निघायचंय."

माझं पेन रकान्यावर होतं. 'कै.' लिहिणं खोटं होतं. 'हजर' लिहिणं माझ्या हातात नव्हतं. 'पत्ता नाही' हेही खोटं. पत्ता मला चांगलाच माहीत होता.

"सर, थांबा जरा," मी म्हणाले.

"कशासाठी?"

"जरा थांबा."

मी बायकांच्या बाजूला बघितलं नाही. मी बघितलं असतं तर सगळ्यांनी बघितलं असतं. वहीतल्या रिकाम्या चौकोनाकडं बघत बसले. मांडवाचं कापड फडफडत होतं. मागे कुणीतरी खोकलं. सरांनी घड्याळ बघितलं आणि माईकवरचा हात काढला.

"हाय," मागून आवाज आला. "हजर हाय."

"आज्जी, बस. तुझं नाव नाही घेतलं," समृद्धीचा आवाज.

"गप ऱ्हा. माझंच घेतलं."

मान वळवून मी बघितलं तेव्हा त्या खुर्च्यांमधून वाट काढत येत होत्या. मांडवात कुजबुज सुरू झाली, आणि जुन्या बायकांना ते नाव कळलं, मला दिसलं ते, एकेकीच्या चेहऱ्यावर. पहिल्या रांगेतले दगडू शेंडगे काठी धरून उठले आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

"नकुशे, तू व्हय? खिडकीपाशी बसायचीस," ते म्हणाले. "मास्तर आमाला तुझ्याकडनं पाढं शिकाया लावायचं."

"तुला आत्ता तरी येत्यात का?" आजी म्हणाल्या आणि त्यांच्यासमोरून पुढे आल्या.

बिराजदार सर माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी हातातला कागद बघितला, मग परत आजींकडं.

आजी स्टेजवर चढल्या नाहीत. माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. जवळून पाहिलं तर कपाळाच्या कडेला अजून थोडं पीठ होतं.

"लिवलंस?"

"हजर लिहिलं," मी म्हणाले. "आजी, या रकान्यात सध्याचं नाव आहे. कसं लिहू?"

आजींनी वही स्वतःकडं ओढून घेतली.

"पेन दे हिकडं," त्या म्हणाल्या. "एक बानं ठेवलं, एक मालकांनी लिवलं. मला लिवता येतं."

त्या वाकून लिहायला लागल्या. पुकारलेलं नाव त्यांनी माझ्या अक्षरावर बोट ठेवून आधी नीट वाचलं, मग ते रकान्यात स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिलं, आणि त्याच्याच पुढं, जागा न सोडता, इंदुमती. एकेक अक्षर सुटं, डोक्यावर काही न घेतलेलं. मांडवातली सगळी माणसं ताटकळली होती आणि आजींना मुळीच घाई नव्हती. अक्षरं संपल्यावर त्यांनी पेन सुरुवातीला नेऊन टेकवलं आणि दोन्ही नावांवरून एकच लांब रेघ ओढली.